गिरणगावातील एका सदनिकेचे दप्तर

‘लोअर परळ, टू बीएचके, वरचा मजला, सी व्ह्यू, एक कार पार्किंग, त्वरित विक्रीस’ अशा दहा-बारा शब्दांत जी मालमत्ता वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींतून बाजारात मांडली जाते, तिच्याविषयी वाचकाला खोल्यांची संख्या, खिडकीतले दृश्य आणि मोटार उभी करण्याची सोय एवढ्या तीन गोष्टी कळतात. परंतु आयुष्यभराची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचे कर्ज जिच्या मोबदल्यात द्यावयाचे ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने नेमकी कोणती, तिच्याखालची जमीन कोणाची, ती निवासासाठी केव्हा आणि कोणत्या अटींवर मोकळी झाली, आणि इमारत जीर्ण झाल्यावर त्या जमिनीत सदनिकाधारकाचा वाटा काय राहील, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या जाहिरातीत नसते. ही उत्तरे विक्रेत्याजवळच्या कागदपत्रांत असतात. गिरणगावासारख्या वस्तीत ते दप्तर सावकाश वाचणे म्हणजे मुंबईच्या अडीच शतकांचा इतिहास वाचणे होय, कारण त्यातील जवळजवळ प्रत्येक कागद कोणत्या ना कोणत्या तंट्याच्या निकालातून निर्माण झालेला आहे. त्या सर्व तंट्यांतून एक सूत्र निघते: यंत्रे मोडीत निघतात, धंदे बुडतात, इमारती कोसळतात, आणि या साऱ्या पडझडीनंतर ज्याच्या हाती जमिनीवरचा किंवा जागेवरचा हक्क उरतो त्याचेच निभावते.

भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत पसरलेल्या ज्या पट्ट्याला लोक गिरणगाव म्हणत आले, त्यातील लालबाग-परळचा भाग जुना असला तरी लोअर परळ आणि वरळीकडील पुष्कळशी जमीन मुळात खाऱ्या पाण्याखालची आहे. मुंबई ही सात बेटांची असताना महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरून मधल्या सखल भागाचा चिखल करीत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत बांधला गेलेला आणि १७८४ च्या सुमारास पूर्ण झालेला बांध, ज्याला ‘हॉर्नबी व्हेलार्ड’ हे नाव पडले, त्याने ते खिंडार बुजले आणि पाण्याखालची भूमी हळूहळू वर आली. अशी सखल जमीन लागवडीखाली यावी म्हणून सरकारने ती नाममात्र साऱ्यावर लोकांना दिली. या वहिवाटीला ‘फोरास’ म्हणत, आणि तिच्यावरील कंपनी सरकारच्या हक्कांचा उलगडा करण्यासाठी १८५१ साली एक स्वतंत्र कायदाच करावा लागला. ज्या सदनिकेच्या खिडकीतून आज समुद्र दिसतो म्हणून चढा भाव मागितला जातो, तिच्या पायाखालीही एके काळी समुद्रच होता.

अशा जमिनीवर गिरण्या का आल्या याची कारणे सरळ होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ दोन वर्षांनी ताडदेवला सुरू झाली, तेव्हा किल्ल्याच्या आसपासची जमीन महाग आणि दाट होती, तर उत्तरेकडील ही सखल भूमी स्वस्त, विस्तीर्ण आणि मोकळी होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावू लागल्यावर कापूस आणि कोळसा आणण्याची आणि कापड बंदरावर पोचविण्याची सोय झाली. मुंबईची दमट हवा, जी माणसाला घामाघूम करते, ती सुताला मात्र मानवते, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो आणि ओलसर हवेत तो टिकतो. पुढे १९१५ साली खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली आणि तिचा पहिला पुरवठा सिम्प्लेक्स गिरणीला झाला. करवतीच्या दात्यांसारखी छपरे, उंच धुराडी, आवारातले पाण्याचे तलाव आणि पाळी बदलल्याची वर्दी देणारा भोंगा यांनी या वस्तीचे रूप शंभर वर्षे ठरविले.

जमिनीच्या या पूर्वचरित्राचा मागोवा घेण्याचे साधन म्हणजे मिळकत पत्रिका. मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरातून निघणाऱ्या या एका तक्त्यावर ‘लोअर परळ डिव्हिजन’ किंवा ‘परळ-शिवडी डिव्हिजन’ असे विभागाचे नाव, त्यापुढे सी. एस. म्हणजे भूमापन क्रमांक, मग चौरस मीटरमधील क्षेत्रफळ, आणि त्याच्या शेजारी धारणेचा प्रकार नोंदलेला असतो. या धारणेच्या रकान्यात ‘फोरास’, ‘इनामी’, ‘क्विट अँड ग्राउंड रेंट’, किंवा गव्हर्नर ऑंजियरच्या काळातील करारापर्यंत मूळ पोचणारा ‘पेन्शन अँड टॅक्स’ असे शब्द आजही आढळतात. कोणताही प्रकार दिसला की घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु तेथे ‘लीजहोल्ड’ म्हणजे भाडेपट्टा असे असेल, तर पट्टा देणारा कोण, मुदत किती उरली आणि हस्तांतरासाठी कोणाची परवानगी लागते, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, कारण महापालिकेच्या पट्ट्यावरील जमिनी गिरणगावात बऱ्याच आहेत आणि मुदत संपल्यावर होणारा नूतनीकरणाचा खर्च अखेर सदनिकाधारकांच्याच माथी येतो. त्याच पत्रिकेवर मालक म्हणून जुन्या गिरणी कंपनीचे, विकासकाचे की सोसायटीचे नाव आहे, हा तर या लेखाचा मुख्य प्रश्न. त्याकडे ओघाने येऊच.

आता ज्या माणसांनी ही वस्ती वसवली त्यांच्या घरांचे माप पाहू, कारण दोन शयनगृहांच्या सदनिकेचे मोल त्या मापाशी लावल्यावाचून नीट उमगत नाही. कोकण आणि देशावरून आलेला गिरणी कामगार बहुधा कुटुंब गावी ठेवून येई आणि चाळीतील एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राही. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे लोक त्यांच्याच जागी पथारी पसरीत, आणि जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे ठरलेले असे. १८९६ च्या प्लेगाने या दाटीचे भयंकर फळ दाखविले, तेव्हा १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे ज्या २०७ चाळी बांधल्या त्या त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ आणि शौचकूप सामाईक. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० च्या जून महिन्यात गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळेपर्यंत चाळीतल्या खोलीत उजेडी बसण्याची फुरसतही कामगाराला क्वचितच लाभे. ती मिळाल्यावर चाळींच्या गॅलरीत भजनी मंडळे, व्यायामशाळा, सार्वजनिक गणपती आणि संपाच्या सभा यांनी आपले बस्तान बसविले. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद पाडणारे कामगार याच वस्तीतले होते.

खोलीत राहणारा मनुष्य तिचा मालक नव्हता, भाडेकरू होता. परंतु १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्याचे भाडे गोठवले आणि त्याला घराबाहेर काढणे कठीण करून ठेवले, त्यामुळे त्याच्या भाडेकरूपणालाच मालमत्तेचे स्वरूप आले. भाडे वाढत नाही म्हणून मालकाने दुरुस्ती सोडली, दुरुस्ती नाही म्हणून चाळी मोडकळीस आल्या, आणि पावसाळ्यात त्या कोसळू लागल्यावर सरकारने दुरुस्ती मंडळ काढून भाडेकरूंवर उपकर बसविला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात गणल्या गेल्या आणि त्यांच्या पुनर्विकासाच्या नियमांत जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत विनामूल्य घर देण्याचे बंधन आले. चाळ पडली तरी चाळकऱ्याचा हक्क पडला नाही. लालबाग-परळमध्ये आज जे मनोरे दिसतात त्यांतील अनेकांच्या शेजारी जी एक ठेंगणी, लहान खिडक्यांची इमारत उभी असते, ती याच हक्काची फलश्रुती होय. जाहिरातीतील सदनिका बहुधा शेजारच्या मनोऱ्यातील, ज्याला ‘विक्रीचा भाग’ म्हणतात, त्यातली असते. क्वचित ती पुनर्वसनाच्या इमारतीतलीही निघते, आणि तशी असेल तर हस्तांतरावर किती वर्षांचा निर्बंध आहे आणि परवानगी कोणाची लागते याची खातरजमा म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कार्यालयात करावी लागते.

गिरण्यांची कथा याहून वेगळ्या वळणाने गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी जो संप पुकारला, तो रीतसर मागे घेतला गेल्याचे कधी जाहीर झालेच नाही. यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागाचे कापड भिवंडी-मालेगावाहून स्वस्तात येत होते, आणि मालकांना गिरणी चालविण्यापेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची वाटू लागली होती. संपाने या तिन्ही कारणांना एकत्र आणले. मुंबईतील ५८ गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन हा पुढील पंचवीस वर्षांच्या वादाचा विषय झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्यावर तोड काढली ती अशी की, गिरणीमालकाला जमीन निवासी वा व्यापारी उपयोगासाठी मोकळी करावयाची असेल तर तिचा साधारण एक तृतीयांश भाग उद्याने आणि मैदाने यांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला द्यावा, आणि उरलेला स्वतःसाठी घ्यावा. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या सर्व भूखंडांचा एकत्र विचार करून आराखडा करावा अशी शिफारस केली; ती कागदावरच राहिली.

या नियमाला २००१ साली जी दुरुस्ती झाली तिने सारे चित्र पालटले. वाटणी होईल ती सबंध जमिनीची नव्हे, ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या जमिनीची, असा बदल झाला. आणि गिरण्यांची आवारे तर साचेखाते, सूतखाते, गोदामे आणि बॉयलरघरे यांनी व्यापलेली असल्यामुळे वाटणीला येणारा भाग फारच थोडा उरला. या दुरुस्तीविरुद्ध पर्यावरणवाद्यांनी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये मान्य केली, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. मधल्याच काळात, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या ताब्यातील काही गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. त्यांपैकी मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारे सतरा एकर जमीन डीएलएफ कंपनीने ७०२ कोटी रुपयांना घेतली आणि २०१२ साली तीच जमीन लोढा समूहाला सुमारे २,७०० कोटींना विकली गेली. सात वर्षांत जमिनीने जे मिळविले ते तिच्यावरच्या साच्यांनी सत्तर वर्षांत मिळविले असेल की नाही, याची शंका यावी.

या वाटणीत कामगाराच्या पदरात काय पडले? त्याच्या नावावर जमीन नव्हती, आणि जो गाववाल्यांच्या खोलीत पाहुण्यासारखा राहिला होता त्याच्या नावावर भाडेपावतीही नव्हती. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनींवर त्याच्यासाठी २२५ चौरस फुटांची घरे बांधण्यात आली. २०१२ च्या जून महिन्यात अशा ६,९२५ घरांची सोडत निघाली, आणि अर्ज करणाऱ्या कामगारांची व त्यांच्या वारसांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. म्हणजे गिरणगावाच्या रूपांतरात तीन वर्ग झाले: जमिनीचा मालक, जो श्रीमंत झाला, जागेवर भाडेहक्क असलेला चाळकरी, ज्याला नवे घर मिळाले, आणि केवळ श्रम देणारा कामगार, ज्याला चिठ्ठीवर नशीब आजमावावे लागले. आज जो मनुष्य त्या भूमीवर सदनिका विकत घेतो तो या तिघांपैकी कोणाच्या पंक्तीला बसतो, हे ठरविणारे कागद पुढे यावयाचे आहेत.

त्याआधी सदनिकेचे माप. एका काल्पनिक परंतु नित्य आढळणाऱ्या घराचा नकाशा घेऊ. बैठकीची खोली ११ बाय १७ फूट, मोठे शयनगृह ११ बाय १३, लहान शयनगृह १० बाय ११, स्वयंपाकघर ८ बाय ९, आणि ५ बाय ८ ची दोन न्हाणीघरे. यांची बेरीज ५९२ चौरस फूट होते. दारातून आत जाणारा बोळ आणि आतल्या भिंतींची जाडी यांचे ४८ फूट त्यांत मिळविले की ६४० चौरस फूट हे कार्पेट क्षेत्र झाले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण रेरा म्हणतात, कार्पेट क्षेत्राची व्याख्या पक्की केली: घराच्या आतील वापरण्याजोगे क्षेत्र, ज्यात आतल्या भिंती धरावयाच्या, परंतु बाहेरच्या भिंती, नळांच्या उभ्या खोबण्या, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरावयाची नाही. त्यापूर्वी बांधलेल्या इमारतींतील घरे ‘सुपर बिल्ट-अप’ या मोघम मापाने विकली जात. जिना, उद्वाहन, प्रवेशदालन, व्यायामशाळा यांचा कल्पित हिस्सा सदनिकेच्या अंगावर चढवून वरील ६४० फुटांचे १,०४० फूट सहज होत. समजा, मागणी चार कोटींची आहे. १,०४० ने भागले तर चौरस फुटाला सुमारे ३८,५०० रुपये, आणि ६४० ने भागले तर ६२,५०० रुपये भाव निघतो. घर तेच, रक्कम तीच, भागाकार तेवढा वेगळा. जुन्या इमारतीतील सदनिकेच्या पुनर्विक्रीत दलाल आजही मोठा आकडा सांगतो, म्हणून मंजूर नकाशाची प्रत मागून घ्यावी आणि फीत घेऊन खोल्या स्वतः मोजाव्यात. आणि हेही ध्यानात ठेवावे की ६४० फूट म्हणजे बीडीडीच्या बरोबर चार खोल्या. ज्या मापात एके काळी चार बिऱ्हाडे नांदली, त्यात आता चार माणसांचे एक कुटुंब राहते.

एवढ्याशा जमिनीवर चाळीस-पन्नास मजले कसे चढले याचे उत्तर एफएसआय या निर्देशांकात आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते तो सांगतो. मुंबई शहर विभागात मूळ निर्देशांक १.३३ होता, म्हणजे दहा हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तेरा हजार तीनशे मीटर बांधकाम. उपकरप्राप्त चाळींचा पुनर्विकास केल्यास, किंवा सार्वजनिक वाहनतळ बांधून तो महापालिकेच्या हवाली केल्यास, विकासकाला याहून अधिक क्षेत्र मिळण्याची तरतूद होत गेली, आणि हे सारे क्षेत्र भूखंडाच्या एका कोपऱ्यात उभे रचले की मनोरा तयार होतो. खरेदीदाराने यातून एक प्रश्न उचलावयाचा: या भूखंडाचा एफएसआय पूर्ण वापरून झाला आहे की काही शिल्लक आहे, आणि शिल्लक असल्यास तो कोणाचा? करारनाम्याच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरांत विकासक तो स्वतःकडे राखून ठेवतो, आणि मग जेथे मुलांचे क्रीडांगण म्हणून दाखविले होते तेथे काही वर्षांनी दुसरी इमारत उठते.

आता मालकीचा प्रश्न. महाराष्ट्रात सदनिकाधारकांची मालकी दोन मार्गांनी बांधली जाते. पहिला मार्ग सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा, ज्याचा आधार १९६० चा सहकारी संस्था कायदा. यात जमीन आणि इमारत ही सोसायटीच्या मालकीची होते, आणि सदनिकाधारक हा तिचा सभासद म्हणून पन्नास रुपये दर्शनी किमतीच्या मूठभर भागांचा दाखला आणि विशिष्ट सदनिका वापरण्याचा हक्क मिळवितो. दुसरा मार्ग १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याचा. अमेरिकेत ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात त्याच धर्तीचा. यात विकासक घोषणापत्र नोंदवून प्रत्येक सदनिकेचा जमिनीतील आणि सामाईक भागांतील अविभक्त हिस्सा शेकड्याच्या प्रमाणात ठरवून देतो, आणि प्रत्येक खरेदीदाराच्या नावे स्वतंत्र अपार्टमेंट दस्त होतो. सोसायटीत सदनिका लहान असो वा मोठी, मत एकच. अपार्टमेंटमध्ये हिश्श्याच्या प्रमाणात मत आणि हिश्श्याच्या प्रमाणात खर्च. दोन शयनगृहांच्या घराला चार शयनगृहांच्या घरांच्या संगतीत राहावयाचे असेल, तर हा भेद देखभालीच्या बिलावर दरमहा दिसतो.

परंतु दोन्ही मार्गांत खरी कसोटी अभिहस्तांतरणाची. सदनिका विकून पैसे घेतल्यावर जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देण्याचे बंधन १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानेच, ज्याला मोफा म्हणतात, विकासकावर घातले होते. तरीही मुंबईतील हजारो सोसायट्या वर्षानुवर्षे जमिनीवाचून राहिल्या, कारण जमीन स्वतःकडे ठेवली की उरलेला आणि पुढे वाढणारा एफएसआयही स्वतःकडे राहतो हे विकासकांना पक्के ठाऊक होते. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तजवीज झाली. विकासक दाद देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा आणि त्याच्या दाखल्यावर जमीन आपल्या नावे नोंदवून घ्यावी. रेराखालील राज्याच्या नियमांनी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के, घरांची नोंदणी होताच तीन महिन्यांत सोसायटी स्थापण्याचा अर्ज करण्याचे बंधनही विकासकावर घातले. वाहनतळाविषयीचा जुना गोंधळ २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला: इमारतीखालचा स्टिल्ट वाहनतळ ही सामाईक जागा असून विकासकाला ती वेगळी विकता येत नाही. जाहिरातीतील ‘एक कार पार्किंग’ म्हणजे सोसायटीने केलेले वाटप आहे की विकासकाच्या पत्रावरची नुसती चिठ्ठी, हे म्हणूनच विचारावे.

खर्चाचा हिशेब थोडक्यात सांगतो. करारातील किंमत आणि सरकारी वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातील किंमत यांपैकी जी अधिक तिच्यावर मुंबईत मेट्रो अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्क पडते, खरेदी स्त्रीच्या नावे असल्यास एक टक्क्याची सवलत मिळते, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. चार कोटींच्या घराला याप्रमाणे २४ लाखांचे शुल्क झाले. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर एक टक्का आयकर खरेदीदाराने कापून सरकारात भरावयाचा. पुनर्विक्रीत सोसायटीने घ्यावयाच्या हस्तांतर अधिमूल्याला २५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्यापलीकडे ‘देणगी’ मागितली गेल्यास ती ऐच्छिक समजावी. विक्रेत्याकडून पहिल्या करारापासूनच्या सर्व मूळ दस्तांची साखळी, प्रत्येकाचे इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचे सारांशपत्र, बँकेचा बोजा फिटल्याचा दाखला आणि वकिलाचा निदान तीस वर्षांचा शोध अहवाल घेतल्याशिवाय विसार देऊ नये. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत लोक राहतात, पाण्याची आणि विजेची बिलेही भरतात, म्हणून ते नसले तरी चालते असा जो समज आहे तो घातक होय; त्यावाचून इमारत कायद्याच्या नजरेत अपुरीच राहते.

दप्तराबाहेरही काही पाहावे लागते, कारण गिरणगावाच्या जमिनी एकेक करून सुटत गेल्या, रस्ते आणि पूल मात्र भोंग्याच्या काळातले राहिले. पाळीवर चालत जाणाऱ्या कामगारांसाठी आखलेल्या वस्तीत मोटारीने येणारे कार्यालयीन लोक आणि रेल्वेने येणारे लक्षावधी नोकरदार एकदम उतरू लागले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून चौदा जण दगावले. २०१८ साली बंद झालेला लोअर परळचा डिलाईल पूल पुरता खुला व्हावयास २०२३ उजाडले. हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट असल्यामुळे जोराच्या पावसात भरतीच्या वेळी तेथे पाणी तुंबते, आणि त्याचे कारण या लेखाच्या आरंभी सांगितलेल्या सखल भूमीतच आहे. म्हणून घर पाहावयाचे ते एकदा जुलै महिन्यात, मोठ्या भरतीच्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता, स्थानकापासून पायी चालत जाऊन पाहावे. आणि इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेचा सहामाही दाखला सोसायटीच्या कचेरीत मागावा.

एवढे सगळे तपासल्यावर अखेरचा प्रश्न मिळकत पत्रिकेकडेच परत नेतो. सिमेंटच्या इमारतीचे आयुष्य पन्नास-साठ वर्षांचे. आज चकाकणारा मनोराही एके दिवशी जुना होईल, त्याची उद्वाहने थकतील, आणि तेव्हा त्याच्या जागी काय बांधावे आणि त्यातून कोणाला काय मिळावे याचा निर्णय जमिनीच्या मालकाच्या सहीने होईल. त्या पत्रिकेवर सोसायटीचे नाव चढलेले असेल, किंवा अपार्टमेंट दस्तात अविभक्त हिस्सा शेकड्यांत लिहिलेला असेल, तर सदनिकाधारक त्या वाटाघाटीत मालक म्हणून बसेल. तेथे अजून विकासकाचे किंवा बंद पडलेल्या गिरणी कंपनीचे नाव असेल, तर कोट्यवधी रुपये मोजूनही त्याची स्थिती चाळीतल्या भाडेकरूहून फारशी भक्कम नाही. त्या भाडेकरूच्या पाठीशी निदान भाडे कायदा तरी होता. अशा सदनिकेचा भाव समुद्रदर्शनावर ठरवू नये, अभिहस्तांतरण किती दूर आहे त्यावर ठरवावा, आणि विक्रेत्याने त्याविषयी टाळाटाळ केल्यास तेवढी रक्कम किमतीतून निःसंकोच उतरवून मागावी.